घरी छोटी फिशटँक बांधायची आहे? मग आधी काच नीट निवडा

फिशटँक स्वतः बांधायची म्हटलं की नवखा माणूस सगळ्यात आधी विचारतो, काचा चिकटवायला सिलिकॉन कोणतं घेऊ? प्रश्न बरोबर आहे, पण त्याची पाळी नंतरची. सिलिकॉन कुठे चुकलं तर ते खरवडून पुन्हा भरता येतं. काच चुकली तर सगळी टाकी उकलावी लागते, आणि तेही भरलेल्या टाकीला तडा जाण्याआधी लक्षात आलं तर. म्हणून या लेखात मुख्यतः काचेबद्दलच लिहितो आहे: जाडी कशी काढायची, कोणत्या प्रकारची घ्यायची, काचवाल्याला काय सांगायचं आणि ताब्यात घेताना काय तपासायचं.

हे सगळं ४५ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या, वरून उघड्या, चौकोनी टाकीसाठी आहे. षटकोनी किंवा वळणदार काचेची टाकी आणि पुरुषभर लांबीच्या टाक्या, यांचा विचार पहिल्या प्रयत्नात करूच नका.

१. आधी उंची ठरवा, लिटर नंतर मोजा

‘पन्नास लिटरच्या टाकीला किती जाड काच लागेल?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. काचेवर येणारा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लिटरवर नाही. टाकी पुढून मागे कितीही रुंद करा, समोरच्या काचेला त्याचा पत्ताही लागत नाही.

आकडे बघितले की हे पटतं. ६० सेंमी लांब आणि ३० सेंमी उंच काचेवर पाण्याचा एकूण रेटा साधारण २७ किलो वजनाइतका असतो. लांबी दुप्पट करून १२० सेंमी केली, तर रेटाही दुप्पट, म्हणजे ५४ किलो. पण लांबी ६०च ठेवून उंची दुप्पट केली, तर तो थेट १०८ किलोवर जातो. कारण उंची वाढली की दाब वाढतो आणि तो झेलणारा भागही वाढतो. उंची दुप्पट, रेटा चौपट.

त्यामुळे पहिली टाकी बुटकी आणि पसरट करा. ६० × ३० × ३० किंवा ६० × ३० × ३६ (लांबी, रुंदी, उंची, सगळं सेंमीमध्ये) हे माप मला नवख्यांसाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. माशांनाही पोहायला आडवी जागा लागते, आणि तळ साफ करताना हात कोपरापर्यंतच बुडतो.

क्षमता काढायची असेल तर तिन्ही मापं सेंमीमध्ये गुणून १००० ने भागा. ६० × ३० × ३६ म्हणजे बाहेरच्या मापाने जवळपास ६५ लिटर. काचेची जाडी आणि वर सोडलेली दोन-तीन बोटं जागा वजा केली की प्रत्यक्षात ५५ लिटर पाणी बसतं.

२. जाडी काढा, अंदाजाने घेऊ नका

वरून उघड्या, म्हणजे तीन बाजूंनी चिकटवलेल्या काचेसाठी घरी टाक्या बांधणारे लोक हे सूत्र वापरतात:

जाडी = वर्गमूळ (गुणांक × उंची × उंची × उंची × ०.००००१ ÷ ५.०५)

उंची आणि जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये. गुणांक लांबी आणि उंचीच्या गुणोत्तरावर ठरतो. लांबी उंचीइतकीच असेल तर ०.१६, दीडपट असेल तर ०.२६, दुप्पट असेल तर ०.३२ आणि तिप्पट असेल तर ०.३७. मधल्या गुणोत्तराला मधला आकडा धरा. शेवटचा ५.०५ हा आकडा साध्या काचेच्या ताणशक्तीला ३.८ ने भागून आलेला आहे. म्हणजे सुरक्षिततेची मोकळीक त्यातच धरलेली आहे. ती ‘जास्तीची’ समजून खाऊ नका. काचेवर कायम ताण राहिला, शिवाय ओल असली, की तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे हळूहळू पुढे सरकतात. आठवडाभर टिकलेली काच पाच वर्षं टिकेलच असं नाही. ती मोकळीक ठेवायची ती यासाठी.

नेहमीच्या मापांचं गणित करून ठेवलं आहे:

- उंची २५, लांबी ४० सेंमी: सूत्राने २.९ मिमी. ४ मिमी घ्या.
- उंची ३०, लांबी ४५ सेंमी: ३.७ मिमी. ५ मिमी घ्या.
- उंची ३०, लांबी ६० सेंमी: ४.१ मिमी. ५ मिमी घ्या.
- उंची ३६, लांबी ६० सेंमी: ५.१ मिमी. ६ मिमी घ्या.
- उंची ४०, लांबी ६० सेंमी: ५.७ मिमी. इथे ८ मिमी घ्या.
- उंची ४५, लांबी ६० सेंमी: ६.४ मिमी. ८ मिमी घ्या.
- उंची ४५, लांबी ९० सेंमी: ७.६ मिमी. १० मिमी घ्या.

५.७ ला ६ मिमी का चालत नाही, असा प्रश्न पडेल. ६ मिमी म्हणून मिळणारी काच प्रत्यक्षात ५.८ भरली तरी ती नियमात बसते. या जाडीला ०.२ मिमी कमी-जास्त चालतं. ८ ते १२ मिमीच्या काचेत ०.३ मिमीपर्यंत चालतं. म्हणजे काठावरचा हिशेब हातात येईपर्यंत काठाच्याही खाली गेलेला असू शकतो.

चारही उभ्या काचा एकाच जाडीच्या घ्या. बाजूच्या काचा आखूड असतात, सूत्राने त्यांना कमी जाडी पुरते. पण दोन जाडींच्या काचा आणल्या की मापांचा घोळ होतो आणि वाचतं फारच थोडं. वरच्या कडेला आतून काचेच्या आडव्या पट्ट्या लावल्या तर काच कमी फुगते, हेही खरं. त्या जरूर लावा, पण त्यांच्या भरवशावर जाडी कमी करू नका.

३. साधी फ्लोट काच घ्या

फ्लोट म्हणजे वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच पसरवून केलेली सपाट काच. ही पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५० च्या दशकात बसवली आणि १९५९ मध्ये जाहीर केली. आज खिडक्यांना, टेबलांना लागणारी बहुतेक सपाट काच अशीच बनते. छोट्या टाकीला हीच लागते. काचवाल्याला ‘साधी क्लिअर फ्लोट, टफन नको’ एवढं सांगितलं की पुरे.

टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, मग ती का नको? कारण मजबूत असली तरी ती जास्त ताठ नसते. तेवढ्याच जाडीची टफन्ड काच पाण्याच्या दाबाने साध्या काचेइतकीच बाहेर फुगते आणि सांध्यातल्या सिलिकॉनला तेवढंच ओढते. एकदा टफन केल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, २ मिमी जास्त आली तर घासून बसवताही येत नाही. शिवाय फुटते तेव्हा सगळी एकदम, खड्यांसारखे तुकडे होऊन. साध्या काचेला बहुतेक वेळा एक तडा जातो, तिथून पाणी वाहायला लागतं आणि बादली आणायला, मासे हलवायला थोडा तरी वेळ मिळतो. टफन्ड काचेत तो मिळत नाही.

लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली दुहेरी काचही टाळा. ३ + ३ मिमीची लॅमिनेटेड काच कायमच्या दाबाखाली अखंड ६ मिमीच्या बरोबरीची राहत नाही. मधला थर हळूहळू ढिला पडतो. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमुळे तिच्या कडा पांढुरक्या पडून थर सुटू शकतात, आणि फिशटँकला लागतं ते नेमकं तेच सिलिकॉन.

कमी लोहाची, ‘एक्स्ट्रा क्लिअर’ म्हणून मिळणारी काच हा निव्वळ हौसेचा भाग आहे. साध्या काचेत लोहाचा अंश असतो म्हणून तिची कड हिरवी दिसते. ५-६ मिमीच्या काचेतून समोरून बघताना तो हिरवेपणा जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. हौस असेलच तर फक्त समोरची काच तशी घ्या. मागच्या काचेला तर बहुतेक जण काळा किंवा निळा कागदच लावतात.

जाळीची, नक्षीची, आरशाची, फिल्म किंवा कोटिंग असलेली काच टाकीला अजिबात नको. ॲक्रिलिकचा तुकडा घरात पडला आहे म्हणून तो तळाला लावायचा विचार असेल, तर तोही सोडून द्या. ॲक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही.

४. घरात पडलेली जुनी काच: वापरायची की नाही?

खिडकीची काढलेली तावदानं, जुन्या टेबलाची काच, फ्रिजच्या फळ्या, फोटोफ्रेमच्या काचा. मोह होतोच. फोटोफ्रेमची काच साधारण २ मिमीची असते, ती लगेच बाजूला ठेवा. टेबलाच्या आणि फ्रिजच्या काचा बरेचदा टफन्ड असतात. कोपऱ्यात कोरलेला छोटा शिक्का आहे का बघा. शिक्का नसेल तर आणखी एक युक्ती: संगणकाचा पडदा पूर्ण पांढरा करून त्याच्यासमोर काच धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल थोडा फिरवताना काचेत पट्टे किंवा ठिपक्यांची नक्षी उमटली, तर काच टफन्ड आहे. तिला कटर लावला की तुमच्या हातातच तिचा चुरा होईल.

उरली साधी जुनी काच. तिचा त्रास ओरखड्यांचा. रात्री खोलीत अंधार करून टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. दिवसा न दिसलेला एकेक ओरखडा उजळून निघतो. प्रत्येकावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो भाग टाकीत नको. पाणी आतून ढकलतं तेव्हा काचेची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. त्यामुळे बाहेरच्या अंगाचा खोल ओरखडा सगळ्यात वाईट, तडा तिथूनच सुरू होतो. माझं मत विचाराल तर जुन्या काचेचा उपयोग झाकणासाठी करा आणि टाकीसाठी नवीच घ्या.

५. कटिंग लिस्ट लिहून न्या

काचवाल्याला ‘दोन फुटी टाकी करायची आहे’ असं सांगून मोकळं होऊ नका. पाचही तुकड्यांची मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या. इंच-सूत आणि मिलिमीटर यांची सरमिसळ केलीत तर एक तरी तुकडा चुकणार.

इथे जाडी वजा करायला लोक विसरतात. सोपी रचना अशी: तळाची काच खाली, चारही काचा तिच्यावर उभ्या. पुढची-मागची पूर्ण लांबीची, आणि बाजूच्या दोन त्यांच्यामध्ये बसणाऱ्या. ६० × ३० × ३६ ची टाकी ६ मिमी काचेत करायची तर यादी अशी होते:

- तळ: ६०० × ३०० मिमी, १ नग
- पुढची आणि मागची: ६०० × ३६० मिमी, २ नग
- बाजूच्या: २८६ × ३६० मिमी, २ नग

२८६ कुठून आले? ३०० मधून पुढच्या-मागच्या काचेची जाडी (६ + ६) वजा केली आणि दोन्ही सांध्यांत सिलिकॉनसाठी १-१ मिमी सोडला. ती जागा सोडली नाही तर काच काचेवर टेकते, मधलं सिलिकॉन पिळून बाहेर येतं आणि पकड धरायला थरच उरत नाही.

चारही उभ्या काचांची ३६० ही उंची एकाच मापाने, एकापाठोपाठ कापून घ्या. माप एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालेल, पण चौघींचं सारखंच झालं पाहिजे.

पाइपसाठी भोक हवं असेल तर तेही यादीत, काठापासूनच्या अंतरासकट लिहा. भोक जोडणीच्या आधी पाडून घ्यायचं.

६. कडा: इथे घाई नको

काच कापताना काय होतं ते एकदा जवळ उभं राहून बघा. कटरचं चाक काचेवर एक बारीक चर ओढतं, मग हलकासा टोला किंवा दाब, आणि काच त्या रेषेवर दुभंगते. चर ओढलेल्या अंगाला कड नीट बघितली तर तिथे केसासारख्या बारीक रेघांची रांग दिसते, आणि कोपऱ्याला कधी कधी एखादं टोक राहून जातं. काच तुटते ती बहुतेक वेळा अशा कडेवरच्या व्रणापासून, मधून नाही.

म्हणून सगळ्या कडा घासून घ्या. कमीत कमी धार मारलेली, म्हणजे दोन्ही बाजूंची तीक्ष्ण धार गेलेली हवी. वरच्या उघड्या राहणाऱ्या कडा आणि बाहेरून दिसणाऱ्या उभ्या कडा पॉलिश करून घेतल्या तर उत्तम. टाकी दिसतेही चांगली आणि साफसफाईच्या वेळी मनगट कापत नाही. सांध्यात जाणाऱ्या कडांना चकचकीत पॉलिश लागत नाही. मात्र तिथे गोलाई नको, कड सपाट हवी.

घासण्यात किती मिलिमीटर जाणार, हे आधी विचारून घ्या आणि ‘यादीतली मापं घासून झाल्यावरची आहेत’ असं स्पष्ट सांगा.

७. ताब्यात घेताना तपासणी

सोबत न्यायच्या गोष्टी: कटिंग लिस्टच्या दोन प्रती (एक त्यांना, एक तुम्हाला), स्टीलची पट्टी किंवा टेप, व्हर्नियर कॅलिपर, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), टॉर्च, जाड हातमोजे, मार्कर, आणि काचांच्या मध्ये घालायला वर्तमानपत्रं.

जाडी कॅलिपरने चारही कोपऱ्यांत मोजा. नुसत्या डोळ्यांनी ५ आणि ६ मिमीतला फरक कळत नाही.

मग कर्ण मोजा. ६०० × ३६० च्या काचेचा कर्ण ७०० मिमीला अगदी किंचित कमी भरतो. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की दोन्ही कर्ण सारखे हवेत. एक मिमीहून जास्त फरक असेल तर काच काटकोनात कापलेली नाही, आणि तिची तिरपी फट तुम्हाला सिलिकॉनने भरत बसावी लागेल. जोडीच्या काचा एकमेकींवर ठेवून बघा. कुठे बाहेर डोकावतात ते लगेच कळतं.

शेवटी कडा. मोजे घालून प्रत्येक कड टॉर्चच्या उजेडात फिरवा. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, अर्धगोल खळगा दिसला तर तो टवका. कडेवर एखाद-दुसरा अगदी उथळ टवका घासून निघत असेल तर घासून घ्या. कोपऱ्यातला टवका, किंवा टवक्याच्या टोकापासून आत सरकणारी चमकती रेघ दिसली तर मात्र काच बदलून मागा. ‘सिलिकॉनमध्ये झाकलं जाईल’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. टवका झाकला जातो, तडा थांबत नाही.

पसंत पडलेल्या तुकड्यांवर तिथेच मार्करने ‘तळ’, ‘पुढची’, ‘डावी’ असं लिहून टाका.

८. घरी नेणं आणि कोरडी जुळणी

काच नेहमी उभी न्यावी. आडवी धरलेली मोठी काच स्वतःच्या वजनानेच वाकते. दर दोन काचांमध्ये कागद, आणि खाली मऊ काहीतरी. वजनाचा अंदाज घ्यायचा तर १ चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो भरते. आपल्या ६० × ३० × ३६ च्या टाकीची काच मिळून साधारण १२ किलो होते.

सिलिकॉनची नळी उघडण्याआधी सगळ्या काचा कागदी चिकटपट्टीने कोरड्याच उभ्या करा. सांधे बघा, गुण्या लावा. इथे काही खटकलं तर तुकडा बदलून आणता येतो.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात: शंभर टक्के सिलिकॉन, व्हिनेगरचा वास येणारं, आणि बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठीच्या नळीवर ‘अँटी-फंगल’ लिहिलेलं असेल तर ती माशांसाठी नाही. लावण्याआधी कडा ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घासलेल्या कडांवर काचेची पांढरी पूड बसलेली असते, ती राहिली तर सिलिकॉन काचेऐवजी पुडीला चिकटतं. सुकायला आठवडा द्या. दोन दिवसांत वरून कोरडं लागतं, आत अजून ओलं असतं.

९. तळाखाली आधार, मग पाण्याची परीक्षा

तळाच्या काचेला उभ्या काचांइतकीच जाडी चालते, पण ती पूर्ण सपाट फळीवर बसणार असेल तरच. नुसत्या लोखंडी चौकटीवर कडेकडेने टेकणार असेल तर तळ एक पायरी जाड घ्या, किंवा मला जास्त पसंत म्हणजे चौकटीवर आधी जाड प्लायवूड टाका. फळी आणि काच यांच्यामध्ये थर्माकोल किंवा फोमचा पातळ थर हवा. फळीवर राहिलेला वाळूचा एक खडा एका बिंदूवर सगळं वजन घेतो आणि तळाला तिथून तडा जातो. काच, पाणी, रेती धरून ही छोटी टाकीसुद्धा ७० किलोच्या वर जाते. त्यामुळे स्टँड लेव्हलमध्ये आहे का, हे रिकाम्या टाकीलाच तपासा.

पहिल्यांदा पाणी भरायचं ते मोरीत किंवा अंगणात, पण सपाट आधारावरच. आधी तिसरा हिस्सा भरा आणि तासभर थांबा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. समोरच्या काचेवर वरच्या कडेजवळ स्टीलची पट्टी आडवी धरून मध्ये किती फुगवटा आला ते प्रत्येक टप्प्याला बघा. किंचित फुगणारच, काच तशीच असते. पण पाण्याची पातळी तीच असताना फुगवटा तासागणिक वाढत गेला तर टाकी रिकामी करा आणि सांधे तपासा. सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवला की डोळ्यांना न दिसणारी झिरपही कळते. दोन दिवस भरलेली ठेवा. भरलेली टाकी कधीही उचलू नका, थोडी सरकवायलाही नाही.

परीक्षा पार पडली की झाकणाची काच कापायला द्या. तिला ४ मिमी पुरते. आतल्या मापापेक्षा थोडी लहान, सगळ्या कडा पॉलिश केलेली, आणि वायर व खाणं टाकण्यासाठी एक कोपरा तिरका कापलेला. तिचं माप मात्र टाकी बांधून झाल्यावरच, प्रत्यक्ष मोजून घ्या.